संप तुडुंब, घंटा गप्प

यंत्राच्या सेवेत ज्याने आयुष्य घालवले त्याला अखेरीस एकच गोष्ट कळते. यंत्रावर पहारा करायचा तो कानांनी. डोळा वरचा रंग पाहतो आणि फसतो. कान आतले दुखणे ऐकतो. या तत्त्वावर मी कल्याणच्या इंजिनशेडमध्ये उमेदीची सगळी वर्षे काढली आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तेच शिकवले. मासिकाच्या संपादकांनी दिवाळीच्या पुस्तकासाठी ‘आपल्या धंद्याविषयी काही बोधपर’ मागितले, तेव्हा दुसरे काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. बोध शेवटी आहे. वाचकांनी धीर धरावा.

धंदा म्हणजे खड्ड्यातले पाणी बाहेर काढणे. आमच्या नातेवाइकांत मी ‘रेल्वेत मोठ्या जागेवर’ म्हणून प्रसिद्ध होतो. जागा मोठी होती हे खरे. एखादे लहान घर आत मावले असते एवढा तो खड्डा होता.

खड्डा कशासाठी, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. इंजिनाला तोंड आणि पाठ असते. पाठीकडून चालवले तर चालते, पण ड्रायव्हरच्या डोळ्यांत कोळसा जातो आणि गाडी मागे मागे जाताना पाहून लोक हसतात. म्हणून शेडमध्ये एक गोल खड्डा खणतात, त्यात मधोमध खुंटीवर फिरणारा लोखंडी पूल बसवतात, पुलावर इंजिन आणतात आणि माणसे पूल ढकलून इंजिनाचे तोंड फिरवतात. कल्याणला खाडी जवळ, त्यामुळे जमीन जरा खणली की पाणी लागते. ते पाणी खड्ड्याच्या तळाशी एका लहान कुंडात गोळा करायचे आणि पंपाने उपसून गटारात टाकायचे. या कुंडाला इंग्रजीत ‘संप’ म्हणतात. आम्ही शेडमधली माणसेही संपच म्हणत असू. आमचे साहेब मात्र मुनशीकडून मराठी शिकलेले होते आणि परीक्षाही पास झाले होते, त्यामुळे ते त्याला ‘जलकुंड’ म्हणत. साहेब म्हणत म्हणून ठाण्याचे कार्यालयही तेच म्हणे.

पंप वाफेवर चालायचा. दट्ट्या वर-खाली होई, नळातून पाणी ओढी आणि वर फेकी. नळाच्या खालच्या तोंडाशी जाळी आणि पोटात चामड्याच्या झडपा. एवढाच पंप. पंपाचा स्वभाव असा की तो एकाएकी मरत नाही. आधी चामडे झिजते, जाळीत चिंधी अडकते, कुठे तरी हवा शिरते. हे सारे आधी ओळखले तर दुपारभरात दुरुस्ती होते. नाही ओळखले तर पाणी चढते, पुलाखालची चाके चिखलात रुततात आणि जे इंजिन त्या वेळी पुलावर असेल ते तिथेच राहते. माझे काम त्या खड्ड्याची एकंदर देखरेख. प्रत्यक्ष पंपापाशी बसण्याचे काम धाकू पाटलाचे, आणि पंप उघडून बसवण्याचे काम इनासचे.

धाकू हा डोंबिवलीपलीकडच्या खाडीकाठच्या गावातला आगरी. तरुणपणी घाटात रेल्वेचा मार्ग फोडायला सुरुंगाच्या कामावर होता, नंतर मिठागरात, आणि उन्हात उभे राहण्याचे वय सरल्यावर आमच्याकडे. त्याचा थाट असा की शेडमध्ये येणाऱ्याला तोच साहेब वाटावा. पंपाशेजारी जमिनीवर बसायचा, डावा पाय नळावर टाकायचा, चिलीम भरायची आणि डोळे मिटायचे. मागून कुणी हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. पुढे येऊन विचारले तर म्हणायचा, “पाठीमागना बोललेलं मी ऐकत नाय. मी पाटील हाय. काय बोलायचं ते तोंडासमोर बोला.” पुष्कळदा आपण विचारावे एक आणि त्याने सांगावे भलतेच. पावसाचे विचारले तर बायकोची खुशाली सांगायचा. एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा कुठे विचारायचे, म्हणून आम्ही खुशाली ऐकून घेत असू.

पण पंपाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे वैद्याचा शब्द. “नाना,” तो मला म्हणायचा, “आज पंपाचा गला बरा नाय. वरच्या झरपंचं चामरं चाल्लंय.” इनास कुरकुरत पंप उघडायचा आणि चामड्याला चीर गेलेली असायची. इनास हा ठाण्याचा ख्रिस्ती, हाताने कुशल आणि तोंडाने फटकळ. स्वतः फिटर असून त्याला ती चीर ऐकू येत नसे, याचे त्याला फार लागायचे.

“कान काय विकत घेतले रे, पाटील?” तो विचारायचा.

“जेवलो ना मगाशी,” धाकू म्हणायचा.

त्याचे निदान एकदाच चुकल्याचे आठवते. पंपाला हुडहुडी भरली आहे, लटलट कापतो आहे, आता राहत नाही, असे त्याने जाहीर केले. आम्ही धावलो. पंप उत्तम चालू होता, फक्त शेजारच्या रुळावर एक लांबलचक मालगाडी डबे आपटत उभी राहत होती. तेवढी मोठी गाडी याला कशी ऐकू आली नाही, असे क्षणभर मनात आले. मग वाटले, एकाग्रता म्हणतात ती हीच.

विचित्र गिऱ्हाईक या धंद्यात कमी, तरी एकाची आठवण सांगतो. पंपाची वापरून झालेली वाफ आम्ही त्याच कुंडात सोडत असू, त्यामुळे थंडीत संपाचे पाणी कोमट असे आणि वर वाफ दिसे. एका सकाळी एक पुराणिकबुवा गाडी चुकल्यामुळे शेडमध्ये हिंडत आले, वाफ पाहिली, आणि मी पोहोचेपर्यंत धोतर सोडून मंत्र म्हणत पाण्यात उतरले होते. त्यांचा समज असा की वज्रेश्वरीच्या गरम कुंडांची एक धारा इकडे प्रकटली आहे. बाहेर आले तेव्हा कोळशाने आणि तेलाने अंगभर काळे झाले होते. पंपाला नमस्कार करून म्हणाले, देवता उग्र आहे. इनासने त्यांना साबण दिला.

तर असे चालले असता साहेबांना एक कल्पना सुचली. साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कल्पना सुचत. एक माणूस दिवसभर पाय पसरून चिलीम ओढतो आणि त्याला पंपावरची देखरेख म्हणतात, हे त्यांना पाहवेना. त्यांनी तांब्याची एक बंद पेटी करवली. ती कुंडात तरंगायची. पाणी चढले की पेटी चढणार, तिची साखळी कप्पीवरून ओढली जाणार आणि वर टांगलेली घंटा वाजणार. घंटा चांगली थोरली, एखाद्या देवळात शोभेल अशी. तिचे नाव ‘जलसूचक घंटा’. घंटा वाजली की इनासने धावावे. धाकूचे काम राहिले नाही.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी पेटी हाताने वर उचलली. घंटा अशी दणाणली की छपरातली कबुतरे उडाली आणि माझ्या हातातली दौत सांडली. धाकू घंटेखालीच बसला होता. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. चिलीम तेवढी दुसऱ्या हातात घेतली.

“हा मनुष्य उद्धट आहे,” साहेब मुनशीच्या मराठीत म्हणाले.

मला मात्र त्या दिवशी धाकूविषयी जो आदर वाटला तो आयुष्यात फार थोड्या माणसांविषयी वाटला आहे.

येत्या दसऱ्याला घंटेची स्थापना आणि त्याच वेळी धाकूला निरोप, असे ठरले. मी त्याला समोर बसवून सावकाश सांगितले. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मंग मी कुठं जाऊ, नाना? मिठागरान आता उभा रावत नाय. दुसरीकरं मना कोन घेनार?”

“तुझ्यासारखा कान असलेला माणूस कोणीही घेईल,” मी म्हटले.

त्याने मान खाली घातली. मला वाटले, विनय. घरी त्याची बायको आणि एक विधवा मुलगी. शेतजमीन खारी होऊन गेलेली. चिलमीतला निखारा विझला तरी तो ओढत राहिला. इनास बाजूने ऐकत होता. तो नंतर म्हणाला, “नाना, या घंटेचा लोलक मी रातोरात काढू शकतो.” मी त्याला तसे न करण्याविषयी सांगितले. तो ख्रिस्ती असल्यामुळे खोटे बोलणार नाही आणि पकडला जाईल, हे मला ठाऊक होते.

दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते. इंजिनांना झेंडूच्या माळा, हातोड्यांना कुंकू, बंबाला आंब्याचे डहाळे. त्या वर्षी साहेब येणार म्हणून उत्साह अधिक. पंपाला माळा घातल्या, नळाला गुंडाळल्या, घंटेला घातल्या, साखळीला घातल्या, कप्पीलाही घातली. साहेबांनी स्वहस्ते नारळ फोडला. पहिल्या घावाला तो फुटेना, म्हणून सगळ्यांनी सूचना केल्या, आणि शेवटी फुटला तेव्हा शेंडीसकट अर्धा नारळ खड्ड्यात गेला. फुले तर आधीपासून पडतच होती. खाली कुंडाकडे पाहिले तर पाणी दिसत नव्हते, नुसते पिवळे.

साहेबांबरोबर ठाण्याहून त्यांचे हेडक्लार्क रावसाहेब आले होते. टेंभी नाक्यावर स्वतःचे घर, डोक्याला पगडी, आणि इंग्रजी असे की साहेबांनाही अधूनमधून शब्दकोश पाहावा लागे. माझ्या इंग्रजीविषयी त्यांचे मत चांगले नव्हते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

साहेबांचे भाषण सुरू झाले. “हे यंत्रसेवकहो,” असे ते सुरू झाले आणि जलकुंड, जलवृद्धी, जलसूचना करीत पुढे गेले. तेवढ्यात धाकू पाय नळावर ठेवूनच म्हणाला, “नाना, पंप गुदमारतंय. याच्या गल्यान कायतरी अरकलंय.”

“चूप,” रावसाहेब म्हणाले.

“याला आतनं घोट जाईना झालाय.”

“भाषण चालू आहे, दिसत नाही?” रावसाहेबांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला उभे केले आणि नळापासून दूर नेले. साहेबांनी त्याच्या डोक्यावर निरोपाचे पागोटे ठेवले. पागोटे त्याच्या कानांपर्यंत आले. मग सोने लुटले, पेढे वाटले, आणि साहेब व रावसाहेब दुपारच्या गाडीने ठाण्याला परत गेले. धाकू पागोट्यासह गावाच्या वाटेला लागला. तो गेला तेव्हा आम्हा कोणालाच पेढा गोड लागत नव्हता. इनासने चार खाल्ले, पण रागाने.

पंप चालू होता. मी मुद्दाम कान देऊन ऐकले. इतका हलका, इतका आनंदी आवाज त्याने वर्षभरात काढला नव्हता. “बघ,” मी इनासला म्हणालो, “पूजेचा गुण.” याचे खरे कारण धंद्यातल्या माणसाला कळायला हवे होते. जाळी बंद झाली की पंपाला ओढायला पाणीच राहत नाही, आणि रिकामा पंप फार मजेत चालतो.

धाकू वाटेतून परत आला. चिलीम विसरली होती. नेहमीच्या जागी वाकला, सवयीने पाय नळावर टाकला आणि तसाच थांबला.

“नल मेलाय,” तो म्हणाला.

“अरे, चालू आहे की. ऐक.”

“मेलाय. थंड मढं हाय. खाली बगा.”

आम्ही खाली पाहिले. झेंडूचा तो पिवळा गालिचा कुंड सोडून खड्ड्याच्या तळभर पसरला होता आणि वर वर येत होता. त्याच वेळी एक इंजिन तोंड फिरवायला पुलावर आले होते. पूल अर्धा फिरला, खालची चाके चिखलात गेली आणि इंजिन एकीकडे पोखरणीचे तळे आणि दुसरीकडे स्टेशन अशा दिशेला तोंड करून उभे राहिले, जिकडे रूळच नव्हते. आणि हे चालले असता जलसूचक घंटा काय करीत होती? तांब्याची पेटी आपले काम करीत होती, साखळी ओढत होती. पण कप्पीत झेंडूच्या माळेचा दोरा असा गुंतला होता की साखळी जागची हलेना. घंटा कुंकू लावून शांत होती.

सणामुळे शेडमधली निम्मी माणसे घरी गेलेली. इनास कपडे न काढता पाण्यात उतरला, कारण आमच्यात पोहता त्यालाच येत होते. मी तारऑफिसात धावलो आणि साहेबांच्या नावे इंग्रजीत तार केली. तारेत शब्द थोडे घालायचे असतात, म्हणून थोडेच घातले: संप फुल. बेल सायलेंट. सेंड मेन. म्हणजे संप तुडुंब, घंटा गप्प, माणसे पाठवा. आजही ती तार मला निर्दोष वाटते.

ठाण्याला ती रावसाहेबांच्या हाती पडली. पुढे काय झाले ते त्यांनीच मला नंतर, माझी चूक दाखवून देण्यासाठी, सांगितले. ‘संप’ असा इंग्रजी शब्द त्यांच्या वाचनात नव्हता. जे त्यांच्या वाचनात नव्हते ते इंग्रजीत नव्हते. मराठीत मात्र होता. जुन्या पोथ्यांत संप म्हणजे एकोपा. पण हल्ली वर्तमानपत्रांत गिरणीतले लोक एकोपा करून काम बंद पाडतात त्याला संप म्हणू लागले होते आणि मुंबईहून तशा बातम्या येत होत्या. रावसाहेबांनी ओळखले की कल्याणच्या त्या अर्धवट कारकुनाला इंग्रजी शब्द आठवला नाही, म्हणून त्याने मराठीच ठोकून दिला. त्यांनी उदारपणे तो शब्द खोडला, त्या जागी ‘स्ट्राइक’ घातला आणि तार साहेबांना दिली. साहेबांना अर्थ उघड दिसला. धाकूला काढल्यामुळे सगळ्या शेडने संप केला आहे, रागाने घंटा बंद पाडली आहे, आणि माणसे म्हणजे अर्थात पोलीस.

सूर्य खाडीकडे उतरत असताना खास गाडी आली. एक इंजिन, एक डबा. डब्यातून बंदुका घेतलेले पोलीस उतरले आणि ओळीत उभे राहिले. मागून साहेब, मागून रावसाहेब. मी माणसे मागितली होती, त्यामुळे मला आनंद झाला. बंदुका कशाला, ते कळेना.

साहेबांच्या समोर जे दृश्य होते ते असे: शेड सुनसान, इंजिन आडवे, आणि खड्ड्याच्या काठावर गाडीकडे पाठ करून, डोक्याला साहेबांचेच पागोटे, नळावर पाय टाकून बसलेला धाकू. तो खाली इनासकडे बघत होता. इनास गळ्याइतक्या पाण्यात जाळी चाचपून आतला ऐवज उपसत होता.

साहेब शूर होते, शिवाय वाटेत त्यांनी विचार केला होता. वरिष्ठांना संप आवडत नाहीत. लवकर मिटवलेला संप आवडतो. ते दोन पावले पुढे आले आणि म्हणाले, “धाकू पाटील, तुजला कामावर परत घेतले आहे.”

धाकू हलला नाही.

“अडून बसलाय, साहेब,” रावसाहेब हळूच म्हणाले.

“आणि वर्षास एक घोंगडी,” साहेब म्हणाले.

त्याच वेळी इनासने खालून विचारले, “सुटलं का रे?” आणि धाकू, डोळे मिटून, हात हलवून म्हणाला, “अजून नाय. अजून थोरं.”

साहेबांनी ओठ चावला. “आणि बसावयास चौरंग.”

“अजून,” धाकू म्हणाला. “तेवरंच बस नाय.”

पोलिसांचा जमादार त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागला. मी मध्ये बोलणार होतो, पण अंगावर घोंगडी येत असताना कोण मध्ये बोलतो.

“आणि छत्री,” साहेब म्हणाले. “याहून अधिक देणे माझ्या अधिकारात नाही.”

इनासने नारळाची शेंडी जाळीतून उपटली. नळाने एक उचकी दिली, मग दुसरी, आणि वरच्या गटारात झेंडू आणि काळे पाणी भडाभडा कोसळू लागले. धाकूच्या तोंडावर समाधान पसरले. “हां,” तो म्हणाला. “आता बरं झालं. आता माजी काय तक्रार नाय.”

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले. माझ्याकडे वळून विचारले, “नाना, संप मिटला?”

“ओसरायला लागलाय, साहेब.”

“त्यात किती मनुष्ये आहेत?”

“एकच. इनास.”

“तो कोठे आहे?”

“संपातच आहे. गळ्यापर्यंत.”

“त्याची मागणी काय?”

“बादल्या, साहेब,” इनास खालून म्हणाला. “आन् सुके कपडे.”

साहेब काठाशी आले आणि त्यांनी खाली पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग खिशातून तार काढली, खोडलेला शब्द उजेडाकडे धरून वाचला आणि रावसाहेबांकडे बघितले. रावसाहेब म्हणाले की स्पेलिंगची चूक होती, ती त्यांनी दुरुस्त केली.

साहेब थोर होते असे मी म्हणतो ते यासाठी. ते ओरडले नाहीत. त्यांनी जमादाराला बंदुका बाजूला ठेवायला सांगितल्या. पोलिसांनी पट्टे सोडले आणि बादल्यांची रांग लावली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि सरकार एका रांगेत पाणी उपसत होते. पोथीतल्या जुन्या अर्थाने संप मी तेवढाच पाहिला. पूल काही लगेच मोकळा होईना. साहेबांच्या खास गाडीचे इंजिन फिरवण्याची सोय नव्हती, म्हणून ती गाडी कल्याणहून ठाण्यापर्यंत उलटी गेली. कोळसा सगळा डब्यात आला, असे रावसाहेबांच्या पगडीवरून दुसऱ्या दिवशी दिसले.

पण निघण्याआधी साहेबांनी मुंबईला कळवून ठेवले होते की कल्याणचा संप मोडायला जातो आहे. संप नव्हताच असे मागाहून कळवणे कोणत्याही साहेबाला जड जावे. तेव्हा संप होता, तो साहेबांच्या समक्ष रक्ताचा थेंब न सांडता त्याच दिवशी मिटला, आणि संपवाल्यांच्या मागण्या मान्य झाल्या. वरून शाबासकी आली. मागण्या अर्थातच पाळाव्या लागल्या. धाकूला नोकरी, घोंगडी, चौरंग आणि छत्री मिळाली. घंटाही राहिली, कारण तिची स्थापना झाली होती. घंटा असताना पंपापाशी माणूस ठेवता येईना, म्हणून धाकूची नेमणूक घंटेवर झाली. घंटा वाजते की नाही ते ऐकणे, हे त्याचे काम. नेमणुकीत ‘असाधारण श्रवणशक्तीवरून’ असे शब्द रावसाहेबांनी घातले. ते मी सुचवले होते.

धाकू चौरंगावर बसायचा, छत्री उघडायचा आणि पाय नळावर टाकायचा. तो होता तोवर आमचा पंप एकदाही दगा देऊन मेला नाही. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी मी पारखून एक माणूस घेतला. भजनी मंडळातला, टाळाचा एक ठोका चुकला तर सांगणारा. त्याला मी माझे सगळे तत्त्व शिकवले. तो दिवसभर कान देऊन बसे. त्या पावसाळ्यात पंप वारंवार बंद पडला आणि दर वेळी तो म्हणे, आवाज तर छान होता.

नोकरी सुटल्यावर हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटले, धाकूला एकदा विचारून घ्यावे, कानाने नेमके काय ऐकायचे. त्याच्या गावी गेलो. तो अंगणात माझ्याकडे पाठ करून जाळे विणत बसला होता. मी दारातूनच हाक मारली. पुन्हा मारली. जुना थाट पाहून बरे वाटले.

त्याची बायको चुलीपासून उठून आली. “पुढना जावा, नाना. त्याला ऐकाया येत नाय.”

“हल्ली?” मी विचारले.

“हल्ली कुठलं. घाटान सुरुंग फुटला तवापासना. दोनी कान गेले. माजं लगीन त्याच्या मागचं.”

“मग पंप?”

“नलावर पाय ठेवीत व्हता ना. पायाला कलतं त्याला.” तिला यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते. ती मला पाणी आणायला आत गेली.

घाटातले सुरुंग संपून गाडी वर चढली, तेव्हा मी मराठी शाळेत पहिल्या यत्तेत होतो.